पहिल्या तपासणीचा मान

गुरुजी,

तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली आणि मला तुमचा राग आला आहे. दुःख त्या वेळीच करून झालं. हा राग मात्र कालचा, ताजा आहे. तो दुसऱ्या कुणावर काढणं बरोबर नाही, म्हणून रविवारी दुपारी उपकेंद्राच्या टेबलाशी लिहायला बसले आहे. ओट्यावर आत्ता कुणी नाही. आठवड्यातले एवढे दोन तास गाव मला एकटीला सोडतं.

काल असं झालं. माझ्या हाताखाली नवीन आरोग्यसेविका आली आहे, बावीस वर्षांची, चुणचुणीत पोरगी. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचं बीपी आणि साखर तपासा, ज्याचं जास्त निघेल त्याला मीठ, तंबाखू, चालणं हे नीट समजावून सांगा आणि महिन्यानं परत तपासा, असा आता हुकूम आहे. ती घरोघर फिरून रजिस्टर भरून आली. मी पानं चाळत होते, तर दूध संस्थेच्या चेअरमनच्या नावापुढे एकशेवीस-ऐंशी. तीन पायऱ्या चढल्या की ज्याला कठड्याला धरून उभं राहावं लागतं, तो माणूस. विचारलं, "ह्यांचं खरंच एवढं आलं?" तशी ती खाली बघून म्हणाली, "ते हातच द्यायला तयार न्हाईत की हो मॅडम. मी दोनदा म्हटलो. म्हणाले, मला काय धाड भरलीया, नॉर्मल लिव. एवढा मोठा माणूस, मी काय बोलू?" माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, गुरुजी! बाहेर बसलेल्या बायका उठून दारापर्यंत आल्या एवढा माझा आवाज चढला. पोरगी रडायला लागली तरी मी थांबले नाही. घरी आले, भाकरी पुढ्यात घेतली आणि तशीच झाकून ठेवली. मी नक्की कुणावर ओरडत होते ते मला कळलं होतं.

तुमचा चौथीचा वर्ग आठवतो. सोमवार आहे, प्रार्थना झाली आहे आणि आम्ही ओळीनं हात पुढे करून उभे आहोत. तुम्ही एकेकाची नखं बघताय, मग दात, मग कानामागं. मारत नाही, भाषणही देत नाही. "ह्या बोटात घाण हाय. पुढच्या सोमवारी बघतो," एवढंच, आणि पुढच्या सोमवारी खरंच बघता. वर्षभरात आख्ख्या वर्गाची नखं स्वच्छ. माझी आई ब्लेडनं नखं काढायची आणि दर खेपेला बोट कापायची, हे तुम्हाला दिसलं, तेव्हा जयसिंगपूरच्या बाजारातून नेलकटर आणून माझ्या हातावर ठेवलंत. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढे ट्रेनिंगमध्ये आठवडाभर घालून आम्हाला जे शिकवलं ते एवढंच होतं: बघायचं, सांगायचं, परत येऊन बघायचं. मनात म्हटलं, हे तर आमच्या गुरुजींचं सोमवारचं काम.

दुसरी आठवण भागाकाराची. तुम्ही फिरत फिरत मागं येऊन उभे राहायचात आणि कुणाच्याही वहीत बघून म्हणायचात, "चुकलं." एकदा मला म्हणालात. मी घाबरून खोडरबर घेतलं आणि उत्तर खोडलं. छडी बसली ती तेव्हा. "बरोबर आलेलं खोडलंस कशाला? मी म्हणालो म्हणून? उद्या मी दिवसाला रात्र म्हणीन, तू झोपायला जाशील व्हय?" तळहात दोन दिवस सुजला होता. पण तेव्हा तुमचा राग आला नाही. उलट वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या उत्तराची एवढी किंमत आहे.

आणि मग गावातलं ते तपासणी शिबिर. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, तुम्ही रिटायर होऊन पाच. गावात उपकेंद्रावर माणूस यायचा तो पोराला डोस पाजायला नाहीतर स्वतःला सुई मारून घ्यायला. काही दुखत नसताना तपासायला यायचं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. तेव्हा तुम्हीच हातात काठी घेऊन चार दिवस गल्लोगल्ली हिंडलात. पारावर बसून वर्गातल्या आवाजात सांगत होतात, "अरे, बीपी दुखत न्हाय, म्हणून तर तपासायचं. दुखलं असतं तर तुमचं तुम्हीच आला असता." मी मागं उभी राहून ऐकत होते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, गुरुजी. अडाणी माणसाला मी माफ केलं असतं. तुम्हाला सगळं माहीत होतं, हीच माझी खरी तक्रार आहे.

आपल्या गावाची एक खोड आहे. पाण्याच्या टाकीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही सुरू व्हायचं तर नारळ फोडायला मानाचा माणूस लागतो. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही नारळ फोडलात, आणि शिबिर भरवणाऱ्या तरुण मंडळाच्या अध्यक्षानं माइकवर पुकारलं, "पहिल्या तपासणीचा मान गुरुजींना!" तपासणीला मान! शाल घालावी तसा मी तुमच्या दंडाला पट्टा बांधला. समोर दीडदोनशे माणूस. मोठे डॉक्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं टेबल मांडत होते. मी पारा चढवला, कान लावला. वरचं एकशेनव्वद, खालचं एकशेदहा. माझा विश्वास बसेना. परत घेतलं, तेच. पेन्सिलीनं रजिस्टरात लिहिलं, कारण शिबिरात आम्ही आधी पेन्सिलीनं लिहून संध्याकाळी पेनानं पक्कं करायचो. तुम्ही वाकून वाचलंत. "चुकलं," म्हणालात. अगदी त्याच आवाजात. मी हळू म्हटलं, "गुरुजी, दोनदा घेतलंय." तर तुम्ही ओठ न हलवता बोललात, "खोड ते. माझं एवढं निघालं म्हटल्यावर ह्यातला एक जण खुर्चीत बसायचा न्हाय. एकशेतीस लिही." तेवढ्यात अध्यक्षानं माइक माझ्या तोंडापुढे धरला. "सिस्टर, सांगा, आमच्या गुरुजींचं किती?" आणि मी म्हणाले, "नॉर्मल." टाळ्या पडल्या, गुरुजी. तुमच्या बीपीला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही उठून नमस्कार केलात.

मान्य, त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली नाही. तुमचं म्हणणं खरं ठरलं. उन्हं कलेपर्यंत माणसं बसत होती. आपला गिरणीवाला आठवतो? त्याचं वरचं एकशेऐंशी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी मीठ कमी करायला आणि तंबाखू सोडायला सांगितलं. वाटलं, हा काय ऐकतोय. पण पठ्ठ्या इरेला पेटला. तंबाखूची डबी त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, "गुरुजींचं ह्या वयात नॉर्मल, मग माझं का न्हाय?" रोज पहाटे नदीच्या घाटापर्यंत चालत जायला लागला, ताटातलं लोणचं बंद केलं. आज पंचाहत्तरी ओलांडलीय त्यानं आणि अजून चालतो. तुमच्या खोट्या आकड्याशी बरोबरी करता करता तो जगला. हे मी कुणाला सांगू आणि कसं सांगू?

तुम्ही माझ्यावर सोपवून मोकळे झालात. पण संध्याकाळ माझी होती. रजिस्टर पेनानं पक्कं करताना मी एकटी होते, छडी नव्हती, माइक नव्हता. पेन्सिलीचं एकशेनव्वद खोडलं होतं तरी कागदावर त्याचा वळ दिसत होता. त्यावरच मी निळ्या शाईनं एकशेतीस-चौऱ्याऐंशी लिहिलं. त्या रजिस्टरातून डॉक्टरांनी परत बोलवायच्या लोकांची यादी काढली, गोळ्या कुणाला द्यायच्या ते ठरवलं. यादीत तुमचं नाव नव्हतं. डॉक्टरांना सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. स्वतःशी म्हटलं, घरी जाऊन गुपचूप बघू, गुरुजींचा मानही राहील.

आले ना मी घरी, आठ दिवसांनी! मशीन पिशवीत तळाला आणि वर मेथीच्या जुड्या. काकी चुलीपाशी पापड तळत होत्या. तुम्ही पाटावर. ताटात भाकरी, आमटी, मिरचीचा खर्डा, लोणच्याची मोठी फोड आणि कडेला मिठाचा ढीग. मी म्हटलं, "गुरुजी, मीठ जरा बेतानं घ्या." घास तसाच हातात धरून तुम्ही उखडलात, "चाळीस वर्षं ह्या गावाला वळण मी लावलं. आता तू मला जेवायला शिकीवणार व्हय?" काकी हसल्या. "अगं, त्यांचं तर नॉर्मल आलंय की! त्यांना कशाला बोलतीस?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ताटात बघत होतात. एक वाक्य, गुरुजी. मी नाहीतर तुम्ही, कुणीही एक वाक्य बोललं असतं तर त्या माउलीनं लोणच्याची बरणी त्याच दिवशी माळ्यावर टाकली असती. तिनं तुमच्यासाठी आळणी सुद्धा चवीचं करून घातलं असतं. पण तुम्हाला बायकोपुढे नापास व्हायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांची नखं बघताना कधी लाज वाटली नाही, आणि स्वतःचा हात पुढे करायची वेळ आली तेव्हा शेपूट घातलीत. हो, असंच म्हणतेय. छडी मारायला आता तुम्ही नाही. मी मेथी तिथं ठेवली, काकींनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली ती घेतली आणि मशीन पिशवीतून न काढताच परत आले.

चार महिन्यांनी, ऊसतोडीच्या दिवसांत, सकाळी अंघोळीला बसल्या जागी तुम्ही कलंडलात. अंगावरून वारं गेलं, गाव म्हणालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीपमधून आधी जयसिंगपूर, तिथून कोल्हापूर. मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांना आधीपासून बीपी होतं का?" काकी ठामपणे म्हणाल्या, "न्हाय हो साहेब, काय बी न्हाय. शिबिरात तपासल्यात की." आणि त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं शिबिराचं कार्ड काढून दिलं. त्यावर माझं अक्षर. तुम्हीच घटवून घेतलेलं, वळणदार. डॉक्टरांनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्या पांढऱ्या साडीकडे. "हे कुणी तपासलं होतं?" मी पुढे झाले. काय उत्तर दिलं ते आत्ता लिहवत नाही, शेवटी सांगते.

त्यानंतर सात महिने तुम्ही खाटेवर होतात. मी एक दिवसाआड यायचे. मी दारात दिसले की तुम्ही न सांगता डावा हात पुढे करायचात, बाही आधीच काकींकडून वर सारून घेतलेली. गोळ्या मुकाट्यानं घ्यायचात. काकी आळणी भाकरी-भाजी भरवायच्या आणि तुम्ही शहाण्या पोरासारखे तोंड उघडायचात. लोक म्हणायचे, बघा, गुरुजींची शिस्त. मला मात्र त्या पुढे केलेल्या हाताचा संताप यायचा. आता? आता हात पुढे करता? आकडा मी खरा लिहायचे आणि तुम्हाला दाखवायचे. तुम्ही बघायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. एकदा तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं नाही. तेवढी कठोर मी तेव्हा झाले होते, आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

उद्या त्या पोरीला घेऊन मी चेअरमनच्या दारात जाणार आहे. तो शिव्या देईल, वर तक्रार करीन म्हणेल. करू दे. त्याच्या बायकोसमोर, सुनेसमोर त्याच्या दंडाला पट्टा बांधीन आणि जे येईल ते मोठ्यानं वाचीन. त्या पोरीला मी काल म्हणाले, "मी असं कधी केलं नाही." ते परत घ्यायला हवं. कसं घेऊ ते अजून सुचलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमच्या घरी काकी एकट्याच आहेत आणि आता त्यांना जवळचं दिसत नाही. कुणाकडून तरी वाचून घेतील. ते नको. हे कागद त्या जुन्या रजिस्टरात राहतील, तुमच्या पानाशी.

काकी दर महिन्याला इथं येतात, त्यांच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या न्यायला. मीठ तोडलंय, रोज देवळापर्यंत चालतात, सगळं सांगितलेलं ऐकतात. फक्त दर वेळी मी पट्टा बांधायला लागले की हात जरा मागं घेतात आणि विचारतात, "बाई, ह्ये ते बिघडल्यालं मशीन न्हाय न्हवं?" मीच सांगितलं होतं त्यांना, कोल्हापूरला, त्या डॉक्टरांच्या समोर, कार्ड हातात असताना: मशीन बिघडलं होतं. तेरा वर्षं त्या बाईनं तुमच्या मरणाचा सगळा दोष एका यंत्राला दिलाय. मी म्हणते, "न्हाय काकी, ह्ये नवीन हाय."

पट्ट्याचं कापड दोनदा बदललं, फुगा एकदा. मशीन तेच आहे, गुरुजी.