रिळांचे दुकान सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मासे पकडण्याच्या रिळांची दुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर आहे. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, तर स्वखुशीने माझ्या पश्चात करायची व्यवस्था सांगत आहे. हात थरथरतात म्हणून मजकूर वकीलसाहेबांनी टाइप केला. डोके शाबूत आहे.

१. दुकानावरच्या दोन खोल्या व बँकेतली ठेव मुलाला द्यावी. मुलगा गुणी आहे. "आई, आता दुरुस्त कोण करतं? लोक नवीन घेतात," हे वाक्य तो त्याच्या मोठ्या काकांकडून शिकला. त्याचा राग मी धरलेला नाही. थोडा धरला आहे.

२. मोठे काका म्हणजे माझे थोरले दीर. शेजारच्या दुकानात ते नवीन गळ, काठ्या आणि रिळे विकतात. आमचे हे गेले त्याच आठवड्यात भाऊजी म्हणाले, "बाईमाणसाला स्क्रूड्रायव्हर झेपणार आहे का? मधली भिंत पाडू, मला गोदाम होईल." तेव्हापासून ते भिंत मागत आहेत आणि मी रिळे दुरुस्त करत आहे.

३. खालचे दुकान, कामाचे बाक, सगळी हत्यारे, स्प्रिंगांच्या डब्या आणि मधली भिंत, माझ्या बाजूच्या गिलाव्यासह, सुनेला द्यावी. याचे कारण सविस्तर नोंदवते, म्हणजे मागाहून कोणी फाटे फोडणार नाही.

गेल्या महिन्यात होडीवाला एक रीळ घेऊन आला. मासा ओढू लागला की हँडल उलटे फिरून त्याच्या बोटांवर आपटायचे. भाऊजींकडे सर्व्हिसिंग झाल्यापासूनच हे सुरू झाले होते. भाऊजी मागोमाग आलेच. "मेलंय ते, नवीन घे," असे त्याला सांगून माझ्याकडे वळले. "हे चालू करून दाखव, पुन्हा भिंतीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर दुकान बंद कर." मुलानेही मान डोलावली.

मी "बरं" म्हटले आणि रीळ सुनेपुढे सरकवले. लग्नाआधी तिने गळसुद्धा पाहिला नव्हता. जे शिकली ते माझ्याशेजारी बसून. तिने रीळ उघडले, एकेक भाग काढला त्या क्रमाने फडक्यावर मांडला. चाकांचे दाते ठीक, स्प्रिंगा ठीक. मग हँडलला एकाच दिशेने फिरू देणारी बेअरिंग हातात आली. ती ग्रीसने बरबटली होती.

"मोठेकाका, इथे ग्रीस कोणी भरलं?"

"मी. त्यात काय कंजूषी करायची?"

"इथे कंजूषीच करायची असते. आतले रोलर ग्रीसवर घसरतात, मग पकड कुठून येणार?"

ग्रीस स्वतः थापायचे आणि रीळ मेले म्हणून ओरडायचे, चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. सुनेने बेअरिंग स्पिरिटने धुतली, कोरडी केली, पातळ तेलाचा थेंब दिला आणि रीळ जोडले. होडीवाल्याने दोर मुठीला गुंडाळून जोर लावला. हँडल तसूभरही मागे हटले नाही.

भाऊजींनी स्वतः ओढून पाहिले. दोनदा. मी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आले. एवढा आनंद मुलाच्या जन्मालाही झाला होता की नाही, सांगता येत नाही. मुलाने हे मनावर घेऊ नये.

४. दुकान कसे चालवायचे ही सुनेची मर्जी. मुलाने "जमेल का तुला?" असे विचारू नये. चहा करून द्यावा.

५. भाऊजींनाही एखादी वस्तू द्यावी, असे मनात होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. म्हणून भाऊजींना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून दोघांसमोर सही केली.

ठिकाण : दुकान, शटर उघडे
दिनांक : ९ एप्रिल

(सही) रीळवाली काकू

साक्षीदार :

१. (सही) होडीवाला

२. (सही) थोरले दीर
वरील मजकूर वाचला. रीळ माझ्यासमोर चालले. भिंत सूनबाईची.