मधल्या पॅनलमागची वायर

खाली सही करणारी मी, वय वर्षे चौसष्ट, धंदा मोटारींचे वायरिंग, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दटावलेले नाही, भरीस घातलेले नाही. उद्या सकाळी माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण तसे म्हणताना ते माझ्याकडे न पाहता कागदाकडे पाहतात. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर गच्चीसह माझ्या मुलास द्यावे. त्याला वायरींचा कंटाळा आणि विजेचे भय. त्यावरून मी त्याला फार टोचून बोलले, ते शब्द मागे घेते. स्वयंपाकघरातल्या बटणाला झटका बसतो, ते आधी नीट करून घ्यावे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी होता.

२. बँकेत जे काही असेल ते सूनबाईला. तिने कधी विचारलेसुद्धा नाही, म्हणून.

३. माझ्या थोरल्या भावास काहीही देऊ नये. "बाईच्या हातात पक्कड शोभत नाही," असे तो चारचौघांत म्हणाला आणि मग स्वतःची गाडी तीनदा माझ्याकडेच घेऊन आला. त्याच्या गाडीतले घड्याळ मी मुद्दाम पाच मिनिटे मागे लावले होते. आता त्याने ते पुढे करून घ्यावे. माझ्याकडून भांडण मिटले.

४. गॅरेज आणि सर्व हत्यारे माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना द्यावीत. का, ते सांगितल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

आमचे गॅरेज माझ्या यजमानांच्या नावाचे. इंजिन ते पाहत, चाके-ब्रेक भावजी आणि वायरिंग मी. गाडीत कंपनीने न दिलेले मीटर आणि स्विच बसवणे ही माझी खासियत. गिअरच्या पुढचे मधले पॅनल सोडवायचे, कागदावर माप काढून गोल भोके पाडायची, कडा कानशीने घासायच्या, आणि तेलाचा दाब, इंजिनची उष्णता, बॅटरीचा जोर दाखवणारे काटे असे बसवायचे की गाडी कारखान्यातूनच तशी आली असे वाटावे. गिऱ्हाईक खूश होऊन यजमानांची पाठ थोपटायचे. मी मागे पॅनलचे स्क्रू मोजत असायचे. बाईने वायरिंग केले म्हटले तर गाड्या येणार नाहीत, असे यजमानांचे म्हणणे. मला ते कायम सलत राहिले.

एकोणीस वर्षांपूर्वी औषधांचे दुकानदार त्यांची गाडी घेऊन आले. तीन मीटर आणि धुक्याच्या दिव्यांचे दोन स्विच हवे होते. संध्याकाळी पत्नीसह लांब जायचे होते, म्हणून घाई. दिव्यांसाठी बॅटरीपासून जाड वायर इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून आत आणावी लागते. भोकाला रबरी कडी हवी, नाहीतर पत्रा वायर कापतो. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा, म्हणजे वायर कापली तरी आग लागत नाही. त्या दिवशी दोन्ही संपले होते. मी म्हटले, "उद्या या, दहा मिनिटांचं काम राहिलंय." काय राहिले, ते मात्र सांगितले नाही. ते हो म्हणाले. मी वायर तशीच जोडली आणि पॅनल दाबून बसवले. फार सुरेख दिसत होते.

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मीही फोन केला नाही.

नवव्या दिवशी चालत्या गाडीत मधले पॅनल पेटले. दुकानदार बाहेर पडले. त्यांच्या पत्नीचा पट्टा सुटेना. पट्ट्याचे कुलूप सीटच्या आतल्या बाजूला असते आणि पेटलेले प्लास्टिक वितळून तिथवर आले होते. बाईंनी पेटत्या प्लास्टिकमध्ये हात घालून ते सोडवले. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटे कायमची आखडली. बाई शाळेत चित्रकला शिकवत.

विम्याचे तपासनीस गॅरेजमध्ये आले. "हे काम कोणी केलं?" यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "माझ्या धाकट्या भावानं." भावजी तिथेच चाक खोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मग त्यांचा आवाज ऐकू आला, "हो. मीच केलं."

मी या घरात आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आई नसलेले पोर. मी त्यांना लहानाचे मोठे केले, हे ते फेडत होते, असे मी मनाला सांगितले. त्यांचे गॅरेज सुटले, गावातल्या कोणी त्यांच्या हातात पाना दिला नाही. आजवर ते टेम्पो चालवतात. यजमान वारले तेव्हा ते आले, खांदा दिला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता गेले. त्या आगीनंतर मी एकही गाडी फ्यूजशिवाय सोडली नाही. याला कोणी प्रामाणिकपणा म्हणू नये. ती भीती होती.

म्हणून स्पष्ट लिहिते: ते काम माझे. चूक माझी. भावजींनी त्या वायरीला हातही लावलेला नव्हता.

५. वरील कलमाने माझ्या मरणाची वाट पाहू नये. हे मला चित्रकलेच्या बाईंनी सुनावले. गेल्या गुरुवारी मी त्यांच्या दारात गेले आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

"तुमचे दीर दर महिन्याला इथे येतात, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "नळ, दिवे, दारं, पडेल ते काम करून जातात. पहिली तीन वर्षं मी त्यांना पायरीवरून हाकलून दिलं. तोंडाला येईल ते बोलले. ते सगळं तुमच्या वाट्याचं होतं."

मी म्हटले, "मृत्युपत्रात लिहिणार आहे."

"म्हणजे मेल्यावर? त्यांनी काय केलंय, आणखी थांबायला?"

त्यांनी मला पाणीसुद्धा विचारले नाही.

६. त्याप्रमाणे काल भावजींना गॅरेजमध्ये बोलावून चौथ्या कलमाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला. ते बाकावर टेकले नाहीत.

"वहिनी, माझं नाव घेण्याआधी दादानं तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही."

"आणि मी हो म्हटल्यावर?"

"तेव्हा तोंड उघडायला वेळ होता, भावजी. एकोणीस वर्षं होती."

ते दाराकडे गेले. मला वाटले, संपले. पण उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "गॅरेजचं नंतर बघू. हे माझ्या पोरीला वाचून दाखवा. तुमच्या तोंडानं. शाळेत तिला अजून म्हणतात, तुझ्या बापानं चित्रकलेच्या बाईंचा हात जाळला."

७. आज सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पुतणी सोळा वर्षांची आहे. मी तिला इतक्या जवळून प्रथमच पाहिले. कागद टेबलावर ठेवून वाचला. मध्येच थांबावे असे दोनदा वाटले. तिने थांबू दिले नाही. "पुढे," एवढेच म्हणाली. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही केलं नव्हतं?"

भावजी तिच्याजवळ आले. मग ते म्हणाले, "नाही गं. मी नव्हतं केलं." आणि पोरीच्या खांद्यावर डोके ठेवून मोठ्याने रडले.

मी चपला घालून निघाले. कोणी थांबवले नाही, ते योग्यच होते.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून, समजून त्याखाली सही केली. माझ्या सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार समोर हजर होते आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ : गॅरेजमधले कामाचे टेबल
दिनांक : १२ मार्च २०१९, मंगळवार, दुपारी चार

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिले : मला तपासणारे डॉक्टर (सही). "लिहिताना बाई शुद्धीवर होत्या. सही करण्याआधी त्यांनी प्रत्येक पान पुन्हा वाचले."

साक्षीदार दुसरे : शेजारचे पंक्चरवाले (सही)