वहीतली कोरी ओळ

बाई, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आज इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, मी फोनवर तुम्हाला हे टाइप करतोय. तुमच्या पुण्यातल्या खोलीत पियानोला हात लावण्याआधी धडा वहीत न बघता लिहून दाखवावा लागायचा. एक सूर चुकला तरी तुम्ही झाकण बंद करायचात. ‘बोटांना काय, सवय असते. डोक्यात आहे का ते दाखव.’ मग तुमच्या लाडक्या फ्रेंच संगीतकाराची गोष्ट ठरलेलीच. किल्लीच्या खेळण्यांचा नाद असलेला तो टापटीप, बुटका माणूस एकच धून वाढवत नेऊन जगाला डोलवून गेला. आणि शेवटी डोक्यात अख्खा ऑपेरा वाजत असताना त्याला एक सूर कागदावर उतरवता येईना. स्वतःचं नाव लिहितानाही अडायचा. डॉक्टरांनी कवटी उघडली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. आम्हाला त्या गोष्टीचा कंटाळा यायचा.

एकदा नवा धडा लिहून देताना तुम्ही माझ्या वहीत एक ओळ कोरी सोडलीत. मला वाटलं, गृहपाठ. मी ती भरून आणली. तुम्ही बराच वेळ वहीकडे बघत राहिलात आणि म्हणालात, ‘छान. पुढच्या वेळी दोन सोडते.’ मग दोन, मग चार. बाई मलाच अवघड गृहपाठ घालतात म्हणून मी मिरवत फिरलो. दिवाळीनंतर तुमच्या बहिणीने दारातच तुमच्या आजाराचं आणि क्लास बंद झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मिरवण्याची मला अजून लाज वाटते.

आता लेकीला मी तसंच शिकवतो, आधी वही, मग पियानो. मागच्या रविवारी ती म्हणते, ‘बाबा, यू लेफ्ट अ लाइन ब्लँक. इज इट होमवर्क?’ मी पाहतो. सूर कानात स्वच्छ वाजतायत, हात मात्र जागचा हलत नाही. ‘हो,’ मी म्हणतो, ‘भर ती.’ तिच्या शाळेच्या फॉर्मवरची माझी अर्धवट सही बायकोने पाहिली आणि आजची अपॉइंटमेंट घेतली. ‘स्ट्रेस असेल रे, पण एकदा दाखवून तर ये.’

मघाशी काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन दिलं. मला तुमची गोष्ट आठवली, कवटीपासून पुढची. मी पेन परत ठेवलं आणि गाडीत येऊन बसलो. आत्ता बायकोचा मेसेज आला, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ मी तिला कळवलंय, सगळं नॉर्मल आहे.