छंदांच्या रकान्यात

सिडको, नाशिक
१२ नोव्हेंबर २००६

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे थंडी पडू लागली आहे. तुझा मफलर माझ्याकडे राहिला, तो मीच वापरते आहे. अंबडच्या ऑफिसात कामाचा ढीग नेहमीसारखाच. रविवार मात्र अजूनही आमच्या सेवागटाच्या मुलांचा.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू "ताई, सोड ना" म्हणतेस आणि मी सोडून देते.

दिवाळीत मुलं फराळाला आली तेव्हा तू त्यांचे बायोडाटा मागितलेस. चांगलंच केलंस. इतकी वर्षं ते मीच लिहून देत आले: शिक्षण, टायपिंग, मग छंदांच्या रकान्यात वाचन, क्रिकेट, समाजसेवेची आवड. तू चिवड्याची बशी बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "हरसूलला नेत्रशिबिरं भरवता आणि ती क्रिकेटच्या खाली?" मग एकेकाला धरलंस. सोमनाथ म्हणाला, "आम्ही मदत केली."

"आम्ही राहू दे. तू काय केलंस?"

"चहा दिला."

"किती लोकांना? पाणी कुठून आणलंस? दूध नासलं तेव्हा काय केलंस?"

"एवढं लिहिलं तर मला टपरीच टाकून देतील, मॅडम."

सगळे हसले. मीही हसले असावे.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे कागद बदलले. शिबिरं छंदांतून उठून अनुभवात जाऊन बसली. एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही, याचा विचार करते आहे. पण गटात कुणी स्वतःचं नाव लावायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून शिकवलं. निकिताच्या रेझ्युमेत (हा तुझा शब्द) तिचं स्वतःचं कौतुक मला जरा जास्त वाटलं.

ती तुला मावशी म्हणायला लागली. गटात येऊन तिला चार वर्षं झाली, मी अजून मॅडम आहे. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तू सुचवलेल्या पुण्याच्या हॉस्पिटलातून परवा फोन आला होता. खेड्यांत शिबिरं भरवायला त्यांना माणूस हवं आहे. चौकशीसाठी निकिताने माझं नाव दिलं आहे. विचारलं त्याची खरी उत्तरं दिली.

तुझ्या मुलांना आशीर्वाद. मफलर पोस्टाने पाठवू का?

तुझी,
ललिताताई


सिडको, नाशिक
१९ नोव्हेंबर २००६

चि. तृप्ती,
आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे. मागच्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. अडचण तीच आहे.

हॉस्पिटलच्या साहेबांनी फोनवर विचारलं होतं, "शिबिराला लोक आणायची व्यवस्था निकितानेच उभी केली का?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे मिळून काम करतात." मुलगी कशी आहे म्हणाले. "वक्तशीर आहे." फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. डायरीत मात्र 'आज थकवा' असं लिहिलं.

आता सगळं ऐक. सुरुवातीला हरसूलहून ऑपरेशनला कुणी येतच नसे. मी गावोगाव पत्रकं वाटली. ज्यांना दिसत नाही त्यांना पत्रकं! निकिता तिथलीच. तिने शिबिर बाजाराच्या दिवशी ठेवायला लावलं, आणि नाशिकला ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये आधी ऑपरेशन झालेलं एक माणूस बसवलं. भागीबाई तर हटकून पुढच्या सीटवर. "डोळा काढीत नाय गं, साफ करत्यात. तुझ्या पदराचं भोक दिसतंय मला हितून." घाबरून चढलेली माणसं हसत उतरायची. ही कल्पना निकिताची. पाड्यापाड्यावर जाऊन अशी माणसं तयार केली तीही तिनेच. मी फक्त जीपवाल्याशी बोलले होते. हे मला पाठ आहे, आणि फोनवर मी वक्तशीर म्हणाले.

शुक्रवारी ती मुलाखत देऊन थेट माझ्याकडे आली. कशी झाली विचारलं तर "बरी" म्हणाली. मग चप्पल काढता काढता म्हणाली, "ते म्हणाले, जीपचं काम तुम्ही केलं असं लिहिलंय, तुमच्या मॅडम म्हणतात सगळ्यांनी केलं."

"मग?"

"मग काय. म्हटलं, मॅडम म्हणतात तेच बरोबर."

"असं का म्हणालीस?"

"तुम्हाला खोटं पाडू का?" आणि लगेच, "तृप्तीमावशीला सांगू नका. लय बोलतील मला."

तेव्हासुद्धा माझ्या तोंडून काय निघालं बघ. "तिला मावशी का म्हणतेस गं?"

ती म्हणाली, "तुमची बहीण ना ती? मग दुसरं काय म्हणू?"

मी चहा टाकायला आत गेले.

तृप्ती, मला तुझा हेवा वाटला. घरी पाहुणे यायचे तेव्हा चहा मी करायचे आणि गप्पा तुझ्याशी रंगायच्या, तेव्हापासूनचा आहे तो. पण या वेळी त्याची झळ तुला नाही, तिला लागली. तू तिला पुण्याला नेतेस असं मला वाटत होतं, जणू ती माझी वस्तू आहे. मला मूल नाही म्हणून मी अशी वागले असं मनात आणू नकोस. खरं असलं तरी आणू नकोस.

काल सकाळी ऑफिसातून हॉस्पिटलला फोन लावला. जीपपासून भागीबाईपर्यंत सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही बोललात?" मी म्हटलं, "आमच्यात एकट्याचं नाव घ्यायची पद्धत नाही." हेही अर्धंच झालं, म्हणून पुढे म्हटलं, "ती निघून जाईल याचं वाईट वाटत होतं." मग म्हणाले, "बरं, लिहून घेतो." यातलं काय लिहून घेतलं कोण जाणे. त्यांच्याकडे आणखी एक मुलगी आहे, जास्त शिकलेली. या आठवड्यात कळवणार आहेत.

तू मध्ये पडू नकोस. तुझ्या शब्दावर तिला नोकरी मिळाली तर मी पुन्हा तशीच होईन, मी मला ओळखते. मी काय केलं ते निकिताला मीच सांगणार आहे, नोकरी लागो न लागो. अजून धीर झालेला नाही. त्यानंतर ती मला काय म्हणेल ते म्हणेल.

मफलर पोस्टाने पाठवत नाही. निकिताबरोबर पाठवायचा असं मनात धरलं आहे. तोवर मी वापरते.

तुझी, अजून थोडी जळणारी,
ताई