बेडकाचा उजवा डोळा

१९ ऑक्टोबर, दसरा. सायं. ६.
गाडीची पूजा यथासांग. गाडी जपानी, लाल, दोन दरवाजी, वय वर्षं बारा. हिचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात. स्विच दाबला की दोन्ही झाकणं वर येतात आणि गाडी डोळे उघडते. अख्ख्या नारायण पेठेत अशी दुसरी नाही. गल्लीतले लोक तिला बेडूक म्हणतात. लोकांना काय कळतंय.

दोन्ही डोळे उघडे ठेवूनच पूजा केली. हळद, कुंकू, मूठभर अक्षता, वर नारळाचं पाणी. देवाच्या कामात हात आखडता घ्यायचा नसतो. मग सुनीतीला शेजारी बसवलं, सोनं द्यायला निघालो, स्विच दाबला. डावा उघडला. उजवा नाही. सगळ्या गल्लीसमोर गाडीने डोळा मारला.

गल्ली हसली. सुनीतीही हसली. मी खाली उतरलो आणि हातातली नारळाची वाटी फेकली. सहज. ती आमच्याच खिडकीतून आत गेली आणि काचेचं कपाट फुटलं. कपाट सुनीतीच्या आईचं. मला माहीत होतं, नारळाला नव्हतं.

सायं. ७.१५. सुनीती वाघोलीला भावाकडे गेली. बॅग भरायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणजे आधीच भरलेली होती काय? नंतर बघू. जाताना अट घातली: पाडव्यापर्यंत काही फोडायचं नाही, कुणावर हात उचलायचा नाही. जमलं तर पाडव्याला घरी येईन आणि ओवाळीन. नाही जमलं तर पुन्हा बोलावू नका.

एकवीस दिवस फक्त! हसू आलं. मी मुळात शांत माणूस. कंपनीत क्वालिटी कंट्रोलला सव्वीस वर्षं काढली, त्यात हाणामारी एकदाच, तीसुद्धा फोरमनने नाक मध्ये आणलं म्हणून.

प्लॅन सोपा. पाडव्यापर्यंत राग बंद, डोळा चालू. तिला याच गाडीतून घरी आणायचं.

२१ ऑक्टोबर. सकाळी.
रजा टाकली. स्वतःच बघतो. मेकॅनिक लोक उगाच घाबरवतात. फ्यूज ठीक. वायर ठीक. स्विच दाबला की आत मोटर घर्र करते आणि थांबते. म्हणजे काहीतरी अडकलंय. अशा वेळी वरून एक हलकी टिचकी मारायची असते.

दुपारी. टिचकी हातोडीने मारली. बारा वेळा. झाकणाला पोचा आला. पोचा म्हणजे फुटणं नव्हे.

२२ ऑक्टोबर.
मोटरच्या डोक्यावर एक काळी मूठ असते. वीज नसेल तर ती फिरवून डोळा हाताने उघडायचा. जपानी माणूस हुशार. मूठ फिरेना. पक्कड लावली, पाय बंपरवर दिला, सगळा जोर काढला. मूठ हातात आली. मी मागे पडलो ते थेट तुळशीच्या कुंडीवर. कुंडी फुटली, पण ती मी फोडली नाही, माझ्या वजनाने फुटली. हे सुनीतीला पटेल.

घर खायला उठतं. चहा स्वतः केला. पातेलं करपलं.

२४ ऑक्टोबर.
शेवटी नाना पेठेत शमशुद्दीनच्या गॅरेजमध्ये. हा माणूस अर्धा तास नुसता गाडीला कान लावून बसतो. मला असली नाटकं आवडत नाहीत. मग त्याने मोटर काढली, उघडली, आणि चिमट्याने एकेक करून तांदळाचे दाणे कागदावर ठेवायला लागला. लाल, पिवळे, नारळाच्या पाण्यात फुगलेले. एकूण सतरा. मग अत्यंत अदबीने विचारलं, की साहेब, यात भात लावला होता का?

गॅरेजमधले सगळे हसले. मी स्टूलला लाथ मारली. स्टूल लोखंडी.

शमशुद्दीन पुढे म्हणाला, की नुसते दाणे असते तर पाच मिनिटांचं काम होतं. साफ करून दिली असती. पण हातोडी आणि पकडीने आतल्या गिअरचे दात गेलेत. आता दुसरी मोटर शोधा, इथे मिळायची नाही. कुणी हातोडी मारली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधीचा मालक.

सायं. अंगठा फ्रॅक्चर. डॉक्टरने बीपीही तपासलं आणि मान हलवली. स्टूलला ओरखडाही नाही, त्यामुळे अट मोडलेली नाही.

२७ ऑक्टोबर, बुधवार.
जुन्या बाजारात लंगडत. तीन तास फिरलो. अखेर एका ताडपत्रीवर तश्शीच मोटर! मी एका टोकाला धरली, त्याच वेळी एका टक्कलवाल्या गृहस्थाने दुसऱ्या टोकाला. मी शांतपणे सांगितलं, की सोडा. ते म्हणाले, आपण सोडा. मीही आपण म्हटलं, त्यांनी पुन्हा आपण म्हटलं. आपण-आपण करता करता त्यांची कॉलर माझ्या मुठीत आणि माझा चष्मा त्यांच्या पायाखाली. त्यांच्या शर्टाचा खिसा माझ्याकडे आला. लोकांनी सोडवलं. ओठ फुटला. माझा.

घरी येऊन नीट बघितलं. मोटर ट्रकच्या वायपरची आहे.

हात उचलणे म्हणजे वर नेणे. कॉलर छातीच्या उंचीवर असते. मोडलेली नाही.

३० ऑक्टोबर.
बूथवरून वाघोलीला फोन. आधी श्रीनिवास, म्हणजे मेहुणा. गुळमुळीत माणूस. मग सुनीती. आवाज ऐकला. काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो, फक्त गाडीचंच बोललो. तिने विचारलं, काही फोडलंत का? म्हटलं, छे. तिने विचारलं, मग असं बोबडं का बोलताय? म्हटलं, सर्दी. मग म्हणाली, अहो, मला दिवा नकोय. पुढे काही बोलणार होती, तेवढ्यात फोन कट झाला. मी रिसीव्हर ठेवला. ठेवताना त्याचे दोन भाग झाले.

बूथवाल्याला रिसीव्हर भरून दिला. भरून दिलं की फोडलं असं धरत नाहीत.

२ नोव्हेंबर.
कात्रजच्या पुढे हिंदुरावचं भंगार. शमशुद्दीननेच पत्ता दिला. अपघातातल्या गाड्यांचे सांगाडे एकावर एक. आणि त्यांत माझी गाडी! म्हणजे तीच, पांढरी. उजवी बाजू चेपून गेलेली, डावा डोळा शाबूत. मी म्हटलं, मला उजव्याची मोटर हवी. हिंदुराव तंबाखू मळत म्हणाला, की सायेब, मालक यातच गेला बगा, त्याला कुटं डावं-उजवं कळलं? डोळा तो डोळाच हाय, उलटा करून बशिवतील की.

मोटर काढायला बॉनेटखाली वाकलो आणि हिंदुरावच्या कुत्र्याने पोटरी धरली. मी पान्याने मारायला गेलो. कुत्रा हुशार, हटला. पाना माझ्याच गुडघ्यावर. मग त्याने दुसरी पोटरी धरली. हिंदुराव लांबूनच ओरडत होता, की हलू नगा, चिडलेल्या माणसालाच चावतंय ते.

मी चिडलेलो नव्हतो. इंजेक्शनं पाच. पण मोटर मिळाली!!

६ नोव्हेंबर.
डोळा उघडला! शमशुद्दीनने दोन दिवस पट्टी ठोकून ठोकून डाव्याची मोटर उजव्याला बसवली. स्विच दाबला, दोन्ही झाकणं एकदम वर. मी त्याला मिठी मारली. तो जरा मागे सरकला. मग म्हणाला, की हे जुगाड आहे. एकदा उघडले की उघडेच ठेवा, मिट-उघड करत बसू नका. आणि साहेब, मारू नका. म्हटलं, मी? त्याने झाकणावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं.

एक सांगायचं राहिलं. अटीचे आतापर्यंतचे सगळे दिवस मी निभावले. थोडं इकडेतिकडे. माणूस बदलू शकतो, हे सिद्ध झालं.

९ नोव्हेंबर, पाडवा. दु. ४.
घर झाडलं. कपाटाला नवी काच. तिच्यासाठी साडी, हिरवी. निघतो.

१० नोव्हेंबर.
काल काय झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.

सुनीती बॅग घेऊन फाटकाशी उभी होती. मांडीवर घ्यायला तबकही, निरांजन, सुपारी, अक्षता मांडलेलं. घरी गेल्या गेल्या ओवाळायचं म्हणाली. श्रीनिवास म्हणाला, भाऊजी, सावकाश जा. गाडीचे दोन्ही डोळे उघडे होते. सुनीती बघून म्हणाली, छान दिसतेय. मी इतका खूश झालो की मला रडू येईल असं वाटलं.

खराडीच्या पुढे अंधार पडायला लागला. मला तिला दाखवायचं होतं. मी म्हटलं, बघ हं, आणि स्विच दाबला. मिटले. परत दाबला. डावा उघडला.

ती हसली नाही. म्हणाली, असू दे हो, एका दिव्यावर जाऊ.

मी खाली उतरलो. डिकीतून चाकाचा पाना काढला. सात-आठ घाव बसले असतील. झाकण, काच, मग बॉनेट. काच फुटली तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग श्वास घ्यायला थांबलो आणि समोरच्या काचेतून आत बघितलं.

सुनीती सीटवरून खाली घसरली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. तबक पायाशी पालथं.

पाना टाकला. दार उघडलं. म्हटलं, अगं, मी गाडीला मारत होतो. तुझ्यावर मी कधी हात उचललाय का?

ती म्हणाली, नाही. एकदाही नाही. हे तिने कबूल केलं, लिहून ठेवतो. मग म्हणाली, मला माहीत आहे हो. पण हातांना कसं समजावू? ते आपोआप वर जातात. चार वर्षं झाली. आता कुकरची शिट्टी झाली तरी जातात.

मी पाना उचलून डिकीत ठेवला.

तिने तबक उचललं, सुपारी शोधून त्यात ठेवली आणि हात करून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला वाघोली म्हणाली. मला म्हणाली, सावकाश जा, एकच दिवा आहे.

११ नोव्हेंबर.
दिवसभर घरी. काही फोडलं नाही. कुणावर हात उचलला नाही. घरात कुणी नाही.

दुपारी कुकर लावला. शिट्टी होणार असं वाटलं तेव्हा गॅस बंद केला. परत लावला, परत बंद केला. भात कच्चा राहिला. तसाच खाल्ला.