साडूची गाडी आणि माझा सूड

३ मार्च
माझ्या रेसिंग टीमचे गादीवाले स्पॉन्सर गेले. पाठोपाठ आपला ड्रायव्हरही गेला. दोघे एकाच दारात: साडूच्या टीममध्ये. साडू म्हणाला, बिझनेस आहे, साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. लावून घेतलं आहे. या टूरिंग कार रेसच्या सीझनमध्ये त्याला धूळ चारणार. निश्चय पक्का.

११ मार्च
नवा स्पॉन्सर: झुरळांचं औषध. बॉनेटवर पाय वर केलेलं झुरळ. मेकॅनिक म्हणाला, गाडी उलटली की मॅचिंग दिसेल. सुडाच्या यादीत त्याचंही नाव टाकलं.
नवा ड्रायव्हर: ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिस्तीचा माणूस.

२९ मार्च. पहिली रेस.
मास्तर प्रत्येक वळणावर इंडिकेटर देतात. चौदा गाड्यांत तेरावे. चौदावी सुरूच झाली नाही. साडूची पहिली. मेहुणीने ट्रॉफीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली बायकोचं हार्ट. जाब विचारला. म्हणाली, ताईची साडी छान दिसतेय.

१७ एप्रिल
मास्तरांना मी काढलं. झुरळवाल्यांनी मला काढलं. म्हणे, झुरळ टीव्हीवर दिसतच नाही. आता स्पॉन्सर कवळीवाले. ड्रायव्हर मी स्वतः. बावन्न हे वय नाही, अनुभव आहे. उद्यापासून पाचला उठून व्यायाम.

१८ एप्रिल, सकाळी ९
राग ताजा राहायला झोप लागते.

९ मे
प्लॅनमध्ये किरकोळ बदल. जिंकायचं नाही. साडूच्या गाडीला फक्त अडवायचं. मेकॅनिक म्हणाला, एक लॅप पुढे असलेली गाडी मागून आली की निळा झेंडा दाखवतात, मग बाजूला व्हावंच लागतं. म्हटलं, मला दिसला तर ना!

१० मे, संध्याकाळ
सातव्या लॅपला साडूची गाडी आरशात दिसली. चालवणारा आपलाच जुना ड्रायव्हर. दात-ओठ खाऊन मधोमध राहिलो. झेंडा पाहिला नाही. तेवढ्यात पोटरीत गोळा आला, पाय उचलला गेला, गाडी थेट गवतात. तो सुसाट पुढे. वर हात हलवून थँक्यू!
बक्षीस समारंभात साडूने माईक घेतला. साडूभाऊंनी स्वतःची रेस सोडून आपल्याला वाट दिली, म्हणाला. नाती अशी जपतात. सगळे उभे राहून टाळ्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी. लग्नानंतर इतक्या कौतुकाने माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं तिने.
खरं सांगणार होतो. घसा बसला होता.

२ जून
कवळीवालेही गेले. टीम बंद. साडूने स्वतःच्या टीममध्ये बोलावलं. बायकोने परस्पर हो सांगितलं. ठीक. आत शिरूनच घाव घालता येतो.

१४ जून
माझं काम: रेसआधी साडूच्या गाडीची काच पुसणे. अशी चकचकीत पुसली की उन्हात त्या गद्दार ड्रायव्हरचे डोळे दिपावेत.

१४ जून, दुपारी
दिपले नाहीत. पहिला आला. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या, त्याच्या कानठळ्या बसाव्यात म्हणून. त्याने वळूनही पाहिलं नाही. साडूला मिठी मारत होता.