मागून आणलेली झबली

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. दवाखाना, दुसरा मजला, खोली नंबर चार. घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवली. टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली आहेत — तक्रार कशी नोंदवायची हे मला कोणी शिकवू नये. आधी तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार. मग मजकूर.

मजकूर असा. काल दुपारी मला नात झाली. अडीच किलो, डोकंभर जावळ. आज तिची गुहागरची आजी, म्हणजे माझी विहीण सगुणाबाई, बाळाचे कपडे घेऊन आली. पिशवीतून गाठोडं काढलं, सोडलं. आत काय? जुनेरं! रंग उडालेली झबली. एकाचा बंद तुटलेला. दुसऱ्यावर कुठल्या तरी पोराच्या दुधाचा पिवळा डाग. टोपड्याची शिवण उसवलेली. एकाचं माप दुसऱ्याला नाही.

नारळ-सुपारीची वाडी आहे त्यांची. मुलगा बोटीवर. आणि पहिल्या नातीला हे!

मी म्हटलं, "सगुणाबाई, रत्नागिरीत दुकानं आहेत हो. का हे भीक मागून आणलंत?"

तर माझ्याकडे सरळ बघून म्हणते, "होय. मागूनच आणलंय."

काय तो थंडपणा! खोलीत नर्स होती. सून समीक्षा पलंगावर. माझा रितेश पाण्याची बाटली घेऊन दारात. सगळ्यांदेखत मला असं उत्तर!

मी आवाज चढवला नाही. गाठोडं उचललं, बाहेर लादी पुसत होती त्या काशी नावाच्या आयाच्या हातात दिलं. "फडक्यांना होईल." रिक्षा केली आणि मारुती मंदिरला लहान मुलांच्या त्या मोठ्या दुकानात गेले. बालदिनाचे फुगे, थंडगार हवा, दारातच दरबान. सगळ्यांत चांगलं तेच दाखवा म्हटलं. लेसचे फ्रॉक घेतले, सॅटिनची फुलं लावलेले. परत येऊन लेबलं कापली आणि स्वतःच्या हाताने एक घातला.

नात राजकन्या दिसत होती. समीक्षाने भिंतीकडे तोंड केलं. थकली असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तक्रार करायची कोणाकडे? विहिणीच्या वर अपील नसतं. शेवटी तिच्या यजमानांना, गंगारामभाऊंना, पत्र लिहायला घेतलं. "आपल्या पत्नीने दिनांक १४ रोजी..." इथवर आले आणि थांबले.

जुन्या कपड्यांचं मला काय वाटतं ते कोणाला ठाऊक नाही. इथे लिहायला हरकत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये मी फी माफ असलेली मुलगी. जूनमध्ये सिस्टर ऑफिसातलं खोकं उघडायच्या आणि माझ्या मापाचा गणवेश शोधायच्या. सहावीत मिळालेल्या झग्याच्या कॉलरच्या आत दुसऱ्याच मुलीचं नाव होतं, लाल दोऱ्याने भरलेलं. आईने दोरा उसवला, तरी टाचणीएवढ्या भोकांतून नाव वाचता यायचं. मधल्या सुट्टीत ती मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या झग्याला जप हं." मी वर्षभर मान खाली घातली नाही — कोणी मागून वाचू नये म्हणून.

रितेशला मी कधी कोणाचं उतरलेलं घातलं नाही. एकदाही नाही. पगार तुटपुंजा होता तेव्हाही.

पत्र फाडलं. उद्या नीट लिहीन.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाळाच्या मानेवर आणि काखेत लाल पुरळ. नर्स कडाडली, "न धुता कोणी घातलं हे? खळ असते त्याला. आणि ही लेस! एवढ्याशा जिवाला वापरून मऊ झालेलंच घालायचं असतं."

कोणी घातलं ते कोणी सांगितलं नाही. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. त्यापेक्षा बघितलेलं परवडलं असतं. रितेशने स्वतःच्या जुन्या बनियनमध्ये बाळाला गुंडाळलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ठरलं होतं असं, की दवाखान्यातून बाळ-बाळंतीण आधी माझ्याकडे येणार, पाचवी इथे होणार, मग गुहागर. खोली आवरून ठेवली होती. डासांसाठी जाळी आणली. शेपू आणला. दुपारी एकपर्यंत वाट पाहिली.

दीडला रितेशचा फोन. मागे इंजिनाची घरघर.

"आई, आम्ही थेट गुहागरला चाललोय. जयगडच्या फेरीबोटीत आहोत."

"चार दिवसांचं पोर घेऊन बोटीत?"

"दहा मिनिटांचं तर पाणी आहे. बारसं तिकडेच करू."

"मी कधी येऊ?"

"तू... बघू."

तू, बघू. हे काय वाक्य आहे? माझ्या मुलाला मी पूर्ण वाक्यात बोलायला शिकवलं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गंगा दहा वर्षं माझ्याकडे धुणीभांडी करते. मोरीत बसल्या बसल्या विचारलंन, "नात आली नाय ती?" मी तिला सगळी तक्रार ऐकवली — जुनेरं, भीक, थंड उत्तर, फेरीबोट. अर्ध्यात तिचे हात थांबले.

"मागून आणलेली? विहीणबाई स्वतः म्हणाल्या, मागून?"

"तोंडावर म्हणाली!"

"बाई, तसं उगाच कोण मागत नाय ओ. जिची पोरं पोटात ऱ्हात नाहीत, नायतर होऊन जातात, तिला दिवस भरून झालं की तिची आई दारोदार जाते. ज्या घरात पोर धडधाकट असेल त्या घरचं वापरलेलं झबलं मागायचं. पदर पसरून. विकतचं चालत नाय. आपल्या पोराला कोणाची नजर लागू नये म्हणून, आपलं नाहीच ते, दहा घरचं आहे, असं दाखवायचं."

"तुला काय माहीत?"

"माझ्या विठूला तसंच घातलं. आधीची दोन गेली होती."

दहा वर्षं. मला गंगाचं हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग फोन लावला. "रितेश, समीक्षाला या आधी काही..."

म्हणाला, "दोनदा, आई. एकदा तेवीसच्या मे महिन्यात. एकदा गेल्या वर्षीच्या दिवाळीत, पाचवा महिना होता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय म्हणाली असतीस?"

रागावून नाही विचारलं त्याने. खरंच विचारलं. आणि जे म्हणायचं ते मी तेव्हाच म्हणून झाले होते. त्या दिवाळीत दोघं ठाण्याहून आली नाहीत. समीक्षाची पाठ दुखतेय म्हणाला. मी म्हटलं, "फराळ करायच्या वेळी बऱ्या दुखतात पाठी."

तेव्हा त्याचा फोन स्पीकरवर होता, समीक्षा ऐकत होती. आज सांगितलं.

पाचवा महिना.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी आठलाच दवाखान्यात. काशीला गाठलं.

"ते गाठोडं, काशीबाई — आहे ना?"

"दोन फाडली ओ मॅडम. चांगली मऊ होती, काचा लखलखीत झाल्या." कौतुकाने खिडकी दाखवलीन. "बाकीची खाली जनरलमध्ये दिली. संगमेश्वराकडची एक बाई आलीय, बाळाला घालायला धड काय नव्हतं."

खाली गेले. काय करायला? परत मागायला. दुसरी नवी घेऊन देते, ती मला द्या, असं वाक्य जिन्यावर तयारही केलं होतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर पोरसवदा मुलगी. मांडीवर बाळ. अंगात तेच झबलं, तुटलेल्या बंदाच्या जागी दोरा बांधलेला. दूध पिऊन ते झोपलं होतं, मूठ झबल्याच्या काठात अडकवून.

मुलगी म्हणाली, "तुम्हीच दिलीत काय? बरं केलंत हो."

मी म्हटलं, "मी नाही. गुहागरच्या एका बाईने."

आणि जिना चढायचा सोडून सरळ बाहेर पडले. कुठल्या कुठल्या दारात उभी राहिली असेल सगुणाबाई? या वयात, गुडघे धरून. लेकीचं खरं कारण कोणाला न सांगता. प्रत्येक दारात कोणी ना कोणी विचारलंच असेल, "कोणासाठी गो?" आणि ते सगळं मी लादीवर टाकलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ठरवलं. मी मागणार.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. पण जे दुसऱ्याने मागून आणलं आणि मी उडवलं, ते मलाच मागून भरून द्यायला हवं. यात विश्वासाचा प्रश्न कुठे येतो?

आमच्याच इमारतीत सुरुवात केली. वरच्या मजल्यावरची संस्कृती, तिचं पोर आठ महिन्यांचं. दार उघडून आधी घाबरली — मागे एकदा गॅलरीतल्या ओल्या कपड्यांवरून मी तिला झाडलं होतं.

"काकू, परत पाणी पडलं का खाली?"

"नाही. तुझ्या बाळाचं एखादं जुनं झबलं हवं होतं."

"जुनं? तुमच्या नातीला? ई, काकू! थांबा, मी लिंक पाठवते, सेल चालू आहे. दोन दिवसांत घरपोच." आणि जुनी? "ती मी मॉम्सच्या ग्रुपवर टाकली. फोटो टाकले की पाच मिनिटांत जातात."

पलीकडची म्हणाली, एकदा घालून आम्ही देऊन टाकतो, कपाटात जागाच नाही. तिसरीने भेट आलेला सेट पुढे केला, पॅकबंद. "हा घ्या ना, याला अजून हात नाही लागलेला!"

हात लागलेलाच हवा होता मला. दिवसभर फिरले. दोन लिंका, एक कूपन. झबलं एकही नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गंगा म्हणाली, "तुमच्या बिल्डिंगीत काय मिळणार, चला माझ्याबरोबर." मांडवीला तिची भाची दिली आहे, खलाशाच्या घरात. भाची बाजारात गेलेली. ओट्यावर तिची सासू यमुनाबाई सुके बांगडे निवडत होती. मला पाहिलंन आणि सुरी खाली ठेवलीन.

"ही टेलिफोनातली बाई ना गो, गंगे? माझा घो आफ्रिकेच्या बोटीवर, घरचा फोन महिनाभर मेलेला, तेव्हा हिच्या टेबलासमोर रडले होते मी. काय म्हणाली विचार. म्हणे, आधी नीट बोलायला शिका, मग या!"

मला आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. वाक्य माझंच आहे. किती जणींना म्हटलं असेन!

गंगाने काय हवं ते सांगितलं. यमुनाबाई माझ्याकडे बघत राहिली. शेजारणी दारात आल्या.

"मग तिलाच मागू दे. नीट."

मी पदर पुढे घेतला. दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "माझ्या नातीसाठी तुमच्या नातवाचं झबलं द्या."

"ऐकू नाय आलं."

शेजारीण हसली. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. माझा आवाज मलाच ओळखू येईना. यमुनाबाई आत गेली, जमिनीवर लोळत असलेल्या नातवाला उचललंन आणि त्याच्या अंगातलंच झबलं काढून पदरात टाकलंन. गरम होतं. तेलाचा, लाळेचा वास.

"आधीची किती गेली सुनेची?" हळूच विचारलंन. एकदम वेगळ्या आवाजात.

"दोन."

"मग थांब." आणि स्वतः पुढे होऊन मला गल्लीतल्या आणखी घरी घेऊन गेली. दुसऱ्या दारात पदर कसा धरायचा ते सांगावं लागलं नाही. शेवटच्या दारात एक म्हातारा म्हणाला, "असल्या चांगल्या घरची बाई मागतेय, म्हणजे काय आलं असेल तिच्यावर." मी म्हटलं, "माझ्यामुळेच आलंय, भाऊ."

संध्याकाळी गरम पाण्यात धुतली सगळी. डाग निघाले नाहीत. निघू नयेत असं वाटत होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जयगडच्या जेटीवर रितेश झबली घ्यायला आला होता. पिशवी दिली. वर चिठ्ठी ठेवली होती, सगुणाबाईंच्या नावाने: "तुम्ही आणलेली मी घालवली. ही मी मागून आणली आहेत. चुकले." एवढीच. एरवी मी पान भरते.

बोटीत चढू का, असं मी विचारलं नाही. चल, असं तो म्हणाला नाही. बोट अर्ध्यावर जाईपर्यंत पिशवी पोटाशी धरून उभा होता, एवढं दिसलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी समीक्षाचा मेसेज. सांगणारी तिची आई, लिहिणारी ती. तसाच उतरवते.

"विहीणबाई, झबली पोचली. काल रात्रीपासून बाळाच्या अंगात आहेत. पुरळ गेलं. आता माझं ऐका. त्या दिवशी मी नुसती द्यायला आले नव्हते, मागायलाही आले होते. माझ्याकडची सगळी दारं करून झाली होती, बाळाच्या बापाच्या घरचं, तुमचं, दार राहिलं होतं. तुमचं नेसून मऊ झालेलं एक पातळ हवं होतं, बाळाच्या दुपट्याला. तुमचा एकुलता एक मुलगा एवढा वाढला, म्हणून तुमचंच. तुम्ही भीक म्हणालात, मग माझं तोंड उघडलं नाही. आता पुन्हा मागते. मंगळवारी बारसं आहे. पातळ देणार की नाही, आणि पाठवणार की स्वतः घेऊन येणार, ते उद्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. फोन करू नका, तुमच्या बोलण्याची मला अजून भीती वाटते. लिहून कळवा."